रकाना : वडिलांचा व्यवसाय

२०१७ सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही तिला आपा म्हणतो, एक घडी घातलेला कागद घेऊन घरी आली. तिची लेक त्या वर्षी दहावीला होती आणि हा कागद म्हणजे तिचा ‘कल अहवाल’. शाळेत मुलांना संगणकासमोर बसवून घेतलेल्या चाचणीचा निकाल. आपाचा चेहरा पडलेला, मागे उभ्या असलेल्या भाचीचा फुललेला.

‘‘मामू, मेरा क्या आया देखो!’’

अहवालात सात क्षेत्रं होती. कृषी, कला व मानव्यविद्या, वाणिज्य, ललित कला, आरोग्य व जैविक विज्ञान, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा. पोरीचा सगळ्यात जास्त कल निघाला होता शेवटच्या क्षेत्राकडे. गणवेशधारी सेवा, म्हणजे पोलीस, लष्कर वगैरे. आपा म्हणाली, ‘‘कंप्युटर बिगड्या होंगा.’’

मी हसलो. पण कागद हातात धरल्यावर मला माझा स्वतःचा कागद आठवला.

मी नववीत असताना, १९९० च्या आसपास, आमच्या शाळेत शहरातून एक मार्गदर्शक आले होते. त्यांनी आम्हाला पुस्तिका वाटल्या. आकृत्या जुळवा, आकड्यांच्या मालिका पूर्ण करा, असे प्रश्न होते. पहिल्या पानावर नाव, इयत्ता आणि त्याखाली एक रकाना : वडिलांचा व्यवसाय. मी लिहिलं, ‘गाद्या भरणे’. आम्ही नदाफ. अब्बांचे अब्बा खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव कापूस पिंजत फिरायचे, अब्बांनी पुढे मशीन घेतलं. काही आठवड्यांनी शाळेत माझा निकाल आला : हस्तकौशल्य चांगले, आयटीआय, शिवणकाम, सुतारकाम यांचा विचार करावा. घरी अब्बांना वाचून दाखवलं तर ते पोट धरून हसले. त्यांच्या मते माझ्या हातात दाभणसुद्धा धड टिकत नव्हती, आणि ते खरंच होतं. मी भरलेली गादी कुणी विकत घेतली नसती.

तो निकाल माझ्या उत्तरांवरून काढला होता की त्या रकान्यावरून? हा प्रश्न मनात राहिला. पुढे इतिहास शिकलो, शिकवू लागलो, आणि वाचता वाचता या चाचण्यांच्या इतिहासाचा एकेक धागा हाती येत गेला. आज तोच मांडतो आहे.

या कामाची सुरुवात बहुतेक पुस्तकं अमेरिकेतल्या बोस्टन शहरात दाखवतात. फ्रँक पार्सन्स नावाचा गृहस्थ, शिक्षणाने अभियंता, नंतर वकील, वृत्तीने सुधारक. बोस्टनच्या नॉर्थ एंड भागात इटालियन आणि ज्यू स्थलांतरितांची दाट वस्ती होती. तिथली पोरं शाळा सोडून मिळेल त्या कारखान्यात शिरत होती. पार्सन्सने १९०८ मध्ये तिथे ‘व्होकेशन ब्यूरो’ उघडला. त्याच वर्षी तो वारला, आणि त्याचं ‘चूझिंग अ व्होकेशन’ हे पुस्तक १९०९ मध्ये त्याच्या मागे छापलं गेलं. त्याचं म्हणणं सरळ होतं : आधी स्वतःला ओळखा, मग कामधंद्यांची माहिती घ्या, मग या दोन्हींचा मेळ विचारपूर्वक घाला. आजही करिअर मार्गदर्शनाचं कुठलंही दुकान उघडा, पाया हाच असतो.

पण याच पुस्तकात पार्सन्स सांगतो की, समोरच्या तरुणाला प्रश्न विचारताना तो त्याच्या डोक्याचा आकार न्याहाळत असे. कानाच्या पुढे, वर आणि मागे डोकं किती वाढलं आहे ते. कवटीवरून स्वभाव ओळखण्याची ती जुनी विद्या. म्हणजे स्थलांतरितांच्या पोरांचं भलं चिंतणारा हा माणूसही माणसाकडे पाहताना आधी त्याची ठेवण पाहत होता. मी त्याला दोष देत नाही, त्या काळाचा तो रिवाज होता. फक्त नोंद करून ठेवतो.

तिकडे फ्रान्समध्ये दुसरंच काही चाललं होतं. शाळेत मागे पडणारी मुलं ओळखून त्यांना वेगळी मदत द्यावी, यासाठी सरकारने १९०४ मध्ये एक समिती नेमली. त्यातून आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये बुद्धिमापनाची पहिली श्रेणी तयार केली. बिनेचा हेतू मदतीचा होता. १९०९ च्या पुस्तकात त्याने बुद्धी ही जन्मतःच ठरलेली, न वाढणारी वस्तू आहे असं मानणाऱ्यांना चांगलंच फटकारलं आहे. शरीराला व्यायाम देतात तसा मनालाही देता येतो, असं तो म्हणे. १९११ मध्ये तो गेला. त्याची श्रेणी समुद्र ओलांडून अमेरिकेत पोहोचली आणि तिथे तिचा अर्थच फिरला.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुइस टर्मनने १९१६ मध्ये तिची अमेरिकन आवृत्ती काढली. त्याच पुस्तकात मेक्सिकन, मूलनिवासी आणि कृष्णवर्णीय मुलांबद्दल त्याने लिहिलं की, त्यांच्यातला मठ्ठपणा वंशातूनच आलेला दिसतो, त्यांना वेगळ्या वर्गात बसवावं, ती चांगले कामगार होऊ शकतील. मोजमापाचं साधन तेच, पण बिनेने ते आजाऱ्याची नाडी पाहायला बनवलं होतं आणि टर्मनने त्याच्यावर माणसाची जागा ठरवली.

१९१७ मध्ये अमेरिका महायुद्धात उतरली. रॉबर्ट यर्कीजच्या नेतृत्वाखाली मानसशास्त्रज्ञांनी सैन्यभरतीच्या सुमारे १७ लाख लोकांची परीक्षा घेतली. वाचता येणाऱ्यांसाठी ‘अल्फा’, न येणाऱ्यांसाठी किंवा इंग्रजी न समजणाऱ्यांसाठी चित्रांची ‘बीटा’. अल्फामध्ये विचारलं होतं की ‘क्रिस्को’ म्हणजे काय : औषध, जंतुनाशक, टूथपेस्ट की खाद्यपदार्थ? ते होतं स्वयंपाकाचं वनस्पती तूप. अमुक एक माणूस कशासाठी प्रसिद्ध? तो होता बेसबॉलपटू. बीटामध्ये चित्रातली उणी गोष्ट काढून दाखवायची होती. एका चित्रात टेनिसचं मैदान होतं, जाळी नव्हती. एका चित्रात ग्रामोफोन होता, कर्णा नव्हता. सिसिलीतल्या खेड्यातून कालपरवा जहाजाने उतरलेल्या शेतमजुराने टेनिसची जाळी कुठे पाहिली असणार? तरी त्याच्या नावापुढे कमी मानसिक वय लिहिलं गेलं.

मी मालेगावच्या एका यंत्रमाग कारखान्यात काही दिवस जात होतो, वेगळ्या कामासाठी. तिथे दहावी नापास झालेला पोरगा बंद पडलेल्या मागाचा आवाज ऐकूनच सांगायचा की धोटा अडकलाय की पट्टा सैल झालाय. त्याला कागदावरच्या कप्पीच्या आकृतीत कुठलं चाक कुठल्या दिशेने फिरेल असं विचारलं असतं तर तो बावरला असता. उलट मला ती आकृती पटकन सुटते आणि माग बंद पडला तर मी लांब उभा राहतो.

सैन्याच्या त्या आकड्यांवरून प्रिन्स्टनच्या कार्ल ब्रिगमने १९२३ मध्ये पुस्तक लिहिलं आणि उत्तर युरोपातला गोरा वंश सर्वांत बुद्धिमान ठरवला. १९२४ मध्ये दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा झाला. तो केवळ या पुस्तकामुळे झाला असं म्हणणं अतिरेकाचं होईल, पण वारा कोणत्या दिशेने वाहत होता ते कळतं. याच ब्रिगमने कॉलेज प्रवेशासाठी नवी चाचणी बसवली. जून १९२६ मध्ये ८,०४० मुलांनी ती दिली. तिचं नाव होतं ‘स्कोलॅस्टिक अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट’. आपल्याकडची मुलं अमेरिकेला जाण्यासाठी जी ‘सॅट’ देतात, ती हीच. ‘अ‍ॅप्टिट्यूड’ म्हणजे अभिक्षमता हा शब्द घराघरांत पोहोचला तो मुख्यतः इथून. १९३० मध्ये ब्रिगमने आपला वंशाबद्दलचा निष्कर्ष निराधार होता, असं जाहीरपणे लिहून टाकलं. चूक कबूल करणारे पंडित विरळा, म्हणून त्याला तेवढे गुण देतो. चाचणी मात्र चालू राहिली.

या सगळ्यात मला सर्वांत जवळचा वाटतो तो होरेस मान बाँड. कृष्णवर्णीय, १९०४ चा जन्म. विशीतल्या या पोराने १९२४ मध्ये ‘द क्रायसिस’ मासिकात बुद्धिचाचण्या आणि प्रचार या विषयावर लेख लिहिला. त्याने वेगळी आकडेवारी गोळा केली नाही. सैन्याने छापलेलेच तक्ते उघडले आणि राज्यवार मांडणी पाहिली. इलिनॉय, न्यू यॉर्क, ओहायो या उत्तरेकडच्या राज्यांतल्या कृष्णवर्णीयांचे गुण मिसिसिपी, आर्कान्सासारख्या दक्षिणेकडच्या राज्यांतल्या गोऱ्यांपेक्षा जास्त होते. जिथे शाळेवर जास्त पैसा खर्च होतो, तिथे दोन्ही वर्णांचे गुण वर. मग ही चाचणी वंश मोजते की शाळा? पंडितांनी हजारो पानांतून जे पाहिलं नाही, ते या पोराने एका तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं. पुढे तो लिंकन विद्यापीठाचा पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष झाला. नागरी हक्क चळवळीतले ज्युलियन बाँड हे त्याचे चिरंजीव.

लक्षात घ्या, बाँडने चाचण्या फाडून टाका असं म्हटलं नाही. त्याचा राग त्यांच्यातून काढलेल्या अर्थावर होता. आपल्याकडे या विषयावर बोलताना आपण एक तर चाचणीला विज्ञानाचा शेवटचा शब्द मानतो किंवा थोतांड म्हणून उडवून लावतो. मधली वाट बाँडने शंभर वर्षांपूर्वी दाखवली होती.

आता आवडीच्या चाचणीकडे येतो, कारण भाचीच्या हातातला कागद त्या घराण्यातला. अभिक्षमता म्हणजे काय जमू शकेल, कल म्हणजे काय आवडतं. दोन्ही वेगळ्या गोष्टी, पण पालकांच्या तोंडी एकच. आवड मोजण्याचं मोठं काम केलं स्टॅनफर्डच्याच एडवर्ड स्ट्राँगने. १९२७ मध्ये त्याची प्रश्नावली आली. युक्ती चांगली होती : एखाद्या व्यवसायात रमलेल्या लोकांना काय आवडतं ते आधी नोंदवायचं, मग मुलाच्या आवडी त्यांच्याशी किती जुळतात ते पाहायचं. अडचण अशी की, मापाची काठी त्या व्यवसायात आधीच शिरलेल्यांची. स्ट्राँगने १९३३ मध्ये बायकांसाठी वेगळी प्रश्नावली काढली. पुढे या दोन पुस्तिका रंगावरून ओळखल्या जाऊ लागल्या, पुरुषांची निळी, बायकांची गुलाबी. गुलाबी पुस्तिकेत व्यवसायांची यादीच वेगळी, त्यात गृहिणीसुद्धा. मुलीला जे विचारलंच नाही, त्याची आवड तिच्या निकालात येणार कुठून? अमेरिकेत बायकांनी आवाज उठवला, तेव्हा कुठे १९७४ मध्ये दोन्ही पुस्तिका एक झाल्या. सत्तेचाळीस वर्षं लागली.

हायस्कूलच्या मुलांसाठी म्हणून खास बेतलेली ‘डिफरन्शियल अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट’ १९४७ मध्ये आली. शाब्दिक तर्क, अंकगणित, यांत्रिक तर्क, अवकाशाची जाण असे तिचे आठ भाग. एकच बुद्धी मोजण्यापेक्षा निरनिराळ्या क्षमता मोजाव्या, हे निश्चितच पुढचं पाऊल. माझी ती नववीतली पुस्तिका याच वळणाची असावी. मग १९५७ मध्ये रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. पुढच्याच वर्षी कायदा करून सरकारने शाळांमधल्या चाचण्या आणि मार्गदर्शनासाठी पैसा ओतला. हुशार पोरं शोधा, विज्ञानाकडे वळवा. मार्गदर्शक शिक्षक गावोगावी पोहोचले ते त्यानंतर.

त्याच काळात राजधानी वॉशिंग्टनच्या शाळांमध्ये मुलांना अभिक्षमता चाचण्यांवरून वेगवेगळ्या ‘ट्रॅक’वर टाकलं जाई. वरच्या ट्रॅकवरचे कॉलेजला, खालचे मजुरीच्या कामांना. खालच्या ट्रॅकवर बहुतेक गरीब आणि कृष्णवर्णीय पोरं. ज्युलियस हॉब्सन नावाच्या एका बापाने खटला भरला. १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी ही पद्धत बेकायदा ठरवली. या चाचण्या गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांवर बेतलेल्या आहेत, इतर मुलांच्या बाबतीत त्या जन्मजात क्षमता सांगत नाहीत, तर त्यांना आजवर काय मिळालं आणि काय नाही तेच सांगतात, असा त्या निकालाचा आशय. हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे तो रकाना आला. वडिलांचा व्यवसाय.

आपल्याकडे काय झालं? लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन कॉलेजातल्या हर्बर्ट राइस यांनी १९२० च्या दशकात बिनेची श्रेणी हिंदुस्थानी भाषेत बसवली. मराठी आणि कन्नड मुलांसाठी ते काम व्ही. व्ही. कामत यांनी केलं, धारवाड भागात. त्यांचं पुस्तक १९४० मध्ये प्रसिद्ध झालं आणि ‘कामत-बिने’ हे नाव मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी आजही आहे. हे काम नुसतं शब्दांचं भाषांतर करून भागणारं नव्हतं. प्रश्न इथल्या मुलांच्या ओळखीचे करणं हीच खरी मेहनत.

व्यवसाय मार्गदर्शनाची सुरुवात कलकत्ता विद्यापीठात १९३८ मध्ये झाली. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय ब्यूरो निघाला. १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपल्या समाजाच्या मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र सुरू केलं. इथे मी थोडा थांबतो. संख्येने मूठभर असलेल्या समाजाच्या पंचायतीला स्वातंत्र्याच्या वर्षी सुचलं की पोरांना शिष्यवृत्तीबरोबर दिशाही हवी. आमच्याकडे अंजुमन-ए-इस्लाम १८७४ पासून आहे. तिने शाळा काढल्या, तिच्याच छत्राखाली भायखळ्याच्या साबू सिद्दीकमध्ये हजारो मुलांनी तंत्रशिक्षण घेतलं, हे ऋण मोठंच आहे. पण गावोगावच्या आमच्या जमाती आणि ट्रस्ट अजून शाल, ट्रॉफी आणि गुणवंतांच्या सत्कारापाशी अडकलेत. नव्वद टक्केवाल्याला ट्रॉफी मिळते. पंचावन्न टक्केवाल्याने आता काय करावं हे विचारायला खुर्ची मांडून कुणी बसलेलं नसतं.

१९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनावर भर दिला, बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. १९५४ मध्ये दिल्लीत केंद्रीय ब्यूरो झाला. कागदावर सगळं नीट होतं. शाळांत मात्र बहुतेक ठिकाणी मार्गदर्शन म्हणजे हेडमास्तरांचं एक वाक्य : टक्के चांगले असतील तर सायन्स, मध्यम असतील तर कॉमर्स, नाहीतर आर्ट्स. आणि हेडमास्तरांच्याही आधी घराण्याचं वाक्य. बागवानाचा पोरगा फळांच्या गाडीवर, अत्ताराचा अत्तराच्या पेटीमागे, खाटकाचा दुकानात. आपल्या मुलखात जन्म हीच सर्वांत जुनी अभिक्षमता चाचणी आहे, आणि इस्लामने माणसं समान मानली म्हणून ती आमच्यात नाही असं कुणी सांगत असेल तर त्याने आमच्या बिरादरीतलं एक लग्न जमवून पाहावं.

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्राने २०१६ मध्ये राज्य मंडळाच्या दहावीच्या सगळ्या मुलांची फुकट कल चाचणी घ्यायचं ठरवलं, ही साधी गोष्ट नव्हती. विनोद तावडे तेव्हा शिक्षणमंत्री होते आणि श्यामची आई फाउंडेशनच्या सहकार्याने हे काम झालं. शहरातले पालक हजारो रुपये मोजून जे घेतात ते वाडीवस्तीवरच्या पोराला मिळालं. पुढे अभिक्षमतेचा भागही जोडला, मोबाईल अ‍ॅप आलं. अकरावीच्या प्रवेशाला अहवालाचं बंधन नव्हतं, हेही बरंच. करोनाच्या काळात ते थांबलं. माझी तक्रार एवढीच की, अहवाल हातात ठेवणारे होते, तो समजावून सांगणारे जवळपास नव्हते. पार्सन्सच्या तीन पायऱ्यांपैकी पहिली अर्धी सरकारने चढवली आणि पोराला तिथेच उभं केलं. आपासारख्या आईने त्या कागदाचं काय करायचं?

त्या दिवशी मी भाचीला विचारलं की तुला हे कुठून सुचलं. ती म्हणाली, शाळेत एक फौजदार मॅडम आल्या होत्या. मुलींशी तासभर बोलल्या. बस्स, तेवढंच. त्या मॅडम आल्या नसत्या तर संगणकाने काय मोजलं असतं? सच्चर समितीने २००६ मध्ये सरकारी नोकऱ्यांत मुस्लिम किती कमी आहेत ते आकड्यांनिशी मांडलं, त्यात पोलीस खातंही होतं. आमच्या मोहल्ल्यात खाकी वर्दी येते ती बहुतेक वेळा बंदोबस्तासाठी. त्यामुळे ती वर्दी आपल्या अंगावर येऊ शकते ही कल्पनाच कुणाला शिवत नाही. भाचीचे अब्बा फळांची गाडी लावतात. तिच्या अहवालात त्या गाडीचा मागमूस नव्हता, आणि मला तो कागद आवडला तो यासाठी.

आपाला मी माझी नववीतली गोष्ट सांगितली. ती म्हणाली, तुझा चुकीचा निघाला तसा हिचाही निघेल. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चाचणीचा इतिहास मला जेवढा कळतो, त्यात आपाचं म्हणणं चूक ठरवता येत नाही. मी एवढंच म्हणालो, की माझा चुकला तो अब्बांच्या पिंजणाकडे पाहून, हिचा चुकला तर निदान हिच्याकडे पाहून चुकेल.

पोरीने आर्ट्स घेतलं, बी. ए. केलं, आता पोलीस भरतीची तयारी करते. उंचीची अट १५५ सेंटिमीटर. घरात तीनदा मोजून झाली, एकदा अब्बांच्या जुन्या गजाने. ८०० मीटर धावायचं आहे, गोळा फेकायचा आहे, मग लेखी. पहाटे फजरची नमाज झाली की ती मैदानावर जाते. एकटी पोर कशी सोडायची म्हणून आपाही जाते. सुरुवातीला ती तसबीह घेऊन कट्ट्यावर पाठ करून बसायची. गेल्या आठवड्यात मी गेलो तर तिच्या हातात मोबाईल, स्टॉपवॉच चालू, आणि पोर शेवटच्या वळणावर आली तशी ही उभी राहून ओरडायला लागली.

‘‘कितना हुआ?’’ मी विचारलं.

‘‘तीन मिनिट दो सेकंद,’’ आपा म्हणाली. ‘‘और बारा सेकंद कम करना हय.’’